नोकरी सांभाळून पीएचडी : ऑनलाइन, परदेशी, की अर्धवेळ?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. सेंद्रिय रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि लगेच नोकरीला लागले. मुलगी सहावीत आहे, सासूबाई सोबत असतात, नवरा आठवडाभर पुण्यात. नोकरी सोडणं शक्य नाही आणि सोडायचीही नाही.

२०१८ मध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसामाइन (कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) सापडलं आणि जगभर ते औषध परत मागवण्याचं प्रकरण झालं, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. अशा अतिसूक्ष्म अशुद्धी शोधायच्या पद्धतींवर रीतसर संशोधन करावं, पीएचडी करावी असं मनापासून वाटतं.

पण शोधायला बसलं की जाहिरातींचा पूर येतो. 'दोन वर्षांत ऑनलाइन पीएचडी', 'युरोपियन विद्यापीठ, प्रवेश परीक्षा नाही', 'नोकरदारांसाठी खास'. एका कन्सल्टन्सीचा माणूस तर दर आठवड्याला फोन करतो. फीचे हप्तेही करून देतो म्हणतो.

भारतात दूरस्थ पद्धतीने पीएचडी करता येते का? परदेशातून केली तर इथे चालते का? आणि ज्यांनी नोकरी करत केली आहे त्यांनी ती कशी जमवली? खरं काय ते सांगा.

गोदाकाठ

रानजाई, भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येत नाही. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ७ नोव्हेंबर २०२२ ची नियमावली आहे, तिच्यात हे सरळ लिहिलं आहे. आधीच्या नियमावलीतही तेच होतं. त्यामुळे भारतीय विद्यापीठाच्या नावाने कोणी 'ऑनलाइन पीएचडी' विकत असेल तर पुढचं बोलणंच नको.

चालते ती अर्धवेळ पीएचडी. ती रीतसर आहे आणि पदवीचा दर्जा पूर्णवेळ करणाऱ्याइतकाच. प्रवेश, कोर्सवर्क, दर सहामाहीचा आढावा, प्रबंध, तोंडी परीक्षा सगळं तसंच. फक्त तुमच्या कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुम्हाला हवी आहे ती हीच.

मुक्त विद्यापीठांबद्दलही लोकांचा गोंधळ होतो. इग्नूत पीएचडी आहे, पण तीही नियमित पद्धतीची, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. बीए-एमए सारखी पुस्तकं घरी येतील आणि परीक्षा देऊन मोकळं, असं तिथेही नाही.

चहाबाज

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, विषय वेगळा.

सातारी_माणूस

त्या कन्सल्टन्सीवाल्याचा फोन आजच ब्लॉक करा ताई.

माझ्या चुलत भावाचं सांगतो. तो मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायचा, बढतीसाठी पीएचडी हवी होती. एका एजंटाने बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठात नोंदणी करून दिली. कोर्सवर्क कागदावर झालं. गाईडला तो एकदाही भेटला नाही. प्रबंधही 'करून देऊ', त्याचा दर वेगळा. भाऊ तिथे अडला, म्हणाला मी स्वतः लिहिणार. तर त्याला सांगितलं की मग वेळ लागेल. शेवटी पैसे गेले, वर्षं गेली, हातात फक्त फीच्या पावत्या आहेत. त्याही विद्यापीठाच्या नावाच्या नाहीत, एजंटाच्या फर्मच्या आहेत.

पैसे भरताना पावती कोणाच्या नावाची निघते एवढं बघितलं असतं तरी लक्षात आलं असतं.

गोदाकाठ

सातारी_माणूस, हे फार जणांचं झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना (चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज, झुंझुनूचं सिंघानिया) पुढची पाच वर्षं पीएचडीला नवे प्रवेश द्यायला बंदी केली. पीएचडीचे नियम पाळले नाहीत म्हणून. ही विद्यापीठं बनावट यादीतली नाहीत हे लक्षात घ्या. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली आहेत. त्यामुळे 'यूजीसीच्या यादीत नाव आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

बनावट विद्यापीठांची यादी वेगळी. तीही यूजीसीच्या संकेतस्थळावर असते आणि तिच्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे.

स्पष्टवक्ता

वेगळं मत मांडतो. रानजाई, तुम्ही उद्योगात आहात. तिथे पीएचडीने काय बदलणार? मी पंचवीस जणांची टीम सांभाळतो. भरती करताना मी माणसाने काय काम केलंय ते बघतो. सहा वर्षं शनिवार-रविवार घालवून मिळणारी पदवी तुमच्या पगारात किती भर घालेल याचा हिशेब मांडा. तेवढ्या वेळात दोन-तीन चांगली प्रमाणपत्रं होतील. मुलगी दहावीला असेल तेव्हा तुम्ही प्रबंध लिहीत असाल, हेही डोळ्यांसमोर आणा.

रानजाई

स्पष्टवक्ता, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण मी पगारासाठी करत नाही. कंपनीत आम्ही दिलेली पद्धत चालवतो, ती बरोबर चालते का तपासतो. ती पद्धत अशीच का, आणखी बारीक मोजता येईल का, हे विचारायला तिथे वेळ नसतो आणि ते माझं कामही नसतं. मला ते विचारायचं आहे. मुलीच्या दहावीचा विचार मात्र मनात आहेच.

निवृत्त_मास्तर

रानजाई, तुमचं हे उत्तर वाचून लिहायला बसलो. मी रसायनशास्त्र विभागात आयुष्य काढलं, विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मार्गदर्शन केलं. त्यातले बरेच नोकरदार होते.

सगळे विचारतात कोणतं विद्यापीठ चांगलं. मी म्हणतो आधी गाईड शोधा. पुढची चार-सहा वर्षं तुमचा संबंध एका माणसाशी येणार आहे. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, तो माणूस तुमच्या प्रबंधाचं प्रकरण तीन महिने वाचणार नसेल तर तुम्ही अडकलात.

गाईडची माहिती काढायला आज फार सोपं साधन आहे. शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं भांडार आहे, पदवी देण्याआधी प्रबंधाची प्रत तिथे जमा करावी लागते. विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, गाईडच्या नावाने शोधा. त्यांच्या हाताखालचे प्रबंध दिसतील. त्यातले दोन-तीन उघडा. बऱ्याच नोंदींत नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीख असते, ती ताडून बघा. प्रत्येकाला सात-आठ वर्षं लागली असतील तर कारण विचारा. मग प्रबंधाचं पहिलं प्रकरण आणि संदर्भसूची वाचा. पाच वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची संदर्भसूची जवळपास सारखीच निघाली तर तिथे नवं काम होत नाही असं समजा.

दुसरं, जागा. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी आहे का ते आधीच विचारावं, त्यात संकोच नको. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेही बघा.

तिसरं, त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोला. फोनवर नको, चहाला भेटा. फोनवर कोणी खरं सांगत नाही.

कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं असतं, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता असते, आणि पंचावन्न टक्के मिळवावे लागतात. नोकरदार इथेच गळतात. त्या सहा महिन्यांची रजा आधी ठरवून ठेवा.

आणि प्रयोगशाळेच्या विषयात गावापासून लांब राहून पीएचडी होत नाही. नाशिकचीच माणसं शोधा. तुमचा जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतो. विद्यापीठाची संशोधन केंद्रं संलग्न महाविद्यालयांतही असतात, त्यामुळे दर आठवड्याला पुणं गाठायची गरज नाही.

भीमाकाठची

मास्तरांशी सहमत. एक भर घालते. बाई असाल तर गाईडच्या बाबतीत चौकशी दुपटीने करा. माझ्या ओळखीच्या दोघींनी गाईडच्या वागण्यापायी संशोधन सोडलं. एकीकडून घरची कामं करून घ्यायचे, कार्यक्रम असला की पाहुण्यांचं बघायला हीच. सही अडवून ठेवायचे. तिने तक्रार केली नाही, कारण चार वर्षं गेलेली होती. गाईड बदलता येतो, विभागाकडे लेखी अर्ज करता येतो, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

आपल्या बाजूचे नियमही माहीत असू द्या. एरवी मुदत प्रवेशापासून सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी सगळ्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

मांडवीकर

गोव्यातून लिहितोय. मी एका कंपनीत मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे आणि अर्धवेळ पीएचडी करतोय. खासगी संस्थांत बिट्स पिलानीची नोकरदारांसाठी पीएचडी आहे, पिलानी, हैदराबाद आणि आमच्या झुआरीनगरला. आयआयटी मुंबईत बाहेरून नोंदणीचा एक प्रकार आहे: तुमची संस्था संशोधन करणारी हवी, तिथे सोयी हव्यात, तिथलाच एक सहमार्गदर्शक हवा, आणि कोर्सवर्कसाठी निदान एक सत्र पवईत राहावं लागतं. बंगळूरच्या आयआयएस्सीतही असाच बाहेरून नोंदणीचा कार्यक्रम आहे. डीआरडीओ, इस्रो किंवा मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातल्यांना हे उत्तम. गुणवत्ता नियंत्रण विभागाला ते 'संशोधन' मानतील का, हे मात्र लेखी विचारून घ्या.

माझ्या मुलीने शाळेच्या निबंधात 'माझे बाबा कॉलेजात शिकतात' असं लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईने 'शिकवतात' करून दिलं. मुलगी रडत घरी आली, म्हणे मी बरोबर लिहिलं होतं!

चहाबाज

मांडवीकर, मुलीला पूर्ण गुण द्या माझ्याकडून.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये आहे, इतिहास विषय. 'प्रयोगशाळेच्या विषयात' असं मास्तरांनी म्हटलं ते बरोबर, पण दूरस्थ पीएचडी म्हणजे फसवणूकच असा सूर लागू नये म्हणून लिहिते.

इकडे दूरस्थ अर्धवेळ पीएचडी ही प्रतिष्ठित विद्यापीठांची रुळलेली गोष्ट आहे, विशेषतः मानव्यविद्यांत. बर्मिंगहॅम आणि लेस्टर या दोन्ही विद्यापीठांत अशी सोय आहे. महिन्याला मार्गदर्शकाशी व्हिडिओ कॉल, वाचन आणि लेखन आपल्या गावी, वर्षाचा आढावा, शेवटी तोंडी परीक्षा. अर्धवेळ म्हणजे साधारण सहा वर्षं. दोन वर्षांत कोणी देत नाही. काम कोणी सोपं करत नाही, एकटेपणा उलट जास्त असतो. मी तिसऱ्या वर्षी सोडणार होते, मार्गदर्शिकेने प्रकरणाऐवजी दर आठवड्याला दोन पानं मागितली आणि गाडी चालू राहिली.

दुसरा प्रकार म्हणजे प्रकाशित लेखांवर आधारित पीएचडी. आधीच चांगल्या नियतकालिकांत लेख छापून आले असतील तर त्यांना जोडणारा मोठा विवेचक निबंध लिहून ती मिळते. काही विद्यापीठं ती फक्त आपल्या माजी विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना देतात, ते तपासायचं. दक्षिण आफ्रिकेचं युनिसा तर गेली कित्येक दशकं दूरस्थ शिक्षणच देतं, डॉक्टरेटसकट.

संस्था खरी आहे का हे बघायला ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी आहे. यादीत नाव नसेल तर विषय संपला. 'अमुक विद्यापीठाशी सहकार्य' असं लिहिलेलं असेल तर त्या विद्यापीठाला थेट मेल करा.

गोदाकाठ

टेम्सकाठ, छान माहिती. पण इथल्या लोकांनी एक लक्षात घ्यावं. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) मिळून जाहीर इशारा दिला होता की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी जुळवून ज्या ऑनलाइन पीएचडी देतात त्यांना मान्यता नाही. एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेची (इथल्या पदवीच्या बरोबरीची मानण्याची) नवी नियमावली आली, तिच्यातही फ्रँचायझी पद्धतीच्या पदव्यांना समकक्षता नाही. उद्या इथल्या महाविद्यालयात नोकरी करायची असेल तर पैसे भरायच्या आधी समकक्षतेचं उत्तर लेखी मिळवा.

निवृत्त_मास्तर

टेम्सकाठ, मान्य. इतिहासाला, भाषेला, तत्त्वज्ञानाला हे लागू होतं. तरी ग्रंथालय लागतंच ना?

टेम्सकाठ

लागतं, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन प्रवेश हीच तर फी भरण्यातली मोठी मिळकत असते. बाकी मी पुण्यात येऊन भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारात बसले, ते वेगळं.

डेट्रॉइटकर

अमेरिकेबद्दल थोडं. इथे ऑनलाइन डॉक्टरेट भरपूर आहेत, चांगल्याही आणि टाकाऊही. बघायचं ते अ‍ॅक्रेडिटेशन, आणि ते देणारी संस्था इथल्या शिक्षण खात्याने किंवा 'चिया' या परिषदेने मान्य केलेली आहे का. दोन्हीकडे शोधायला माहितीकोश आहेत. बनावट विद्यापीठं आपल्यासाठी बनावट अ‍ॅक्रेडिटेशन संस्थाही काढून ठेवतात. कराचीच्या एका कंपनीने अशी शेकडो 'विद्यापीठं' नुसत्या संकेतस्थळांवर चालवली होती, २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते उघड केलं. फोटोतले विद्यार्थी आणि प्राध्यापक पैसे देऊन आणलेले नट होते.

आणि डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) म्हणजे पीएचडी नव्हे. डीबीए ही व्यवसायातल्या प्रश्नावर काम करणारी डॉक्टरेट आहे, चांगल्या बिझनेस स्कूलची असेल तर मोलाची. पण हल्ली भारतात जिची जाहिरात चालते ती बहुतेक वेळा अध्यापनाच्या नोकरीला उपयोगी पडत नाही. विकणारा हे सांगत नाही.

वऱ्हाडी

मानद डॉक्टरेटचं कोणी बोललंच नाही! आमच्या तालुक्याला फ्लेक्सवर निम्म्या पुढाऱ्यांच्या नावापुढे 'डॉ.' आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून समारंभ, पैसे भरले की पदवी. मले राग याचा येते की माझा भाऊ नागपूरला कापसाच्या बोंडअळीवर सहा वर्षं राबला, उन्हात शिवारं तुडवली, अन् पत्रिकेत दोघांची नावं एकाखाली एक छापली.

भीमाकाठची

वऱ्हाडी, राग योग्य आहे. भावाला आमच्याकडून मनापासून अभिनंदन कळवा. बोंडअळीवरचं काम शेतकऱ्यांपर्यंत पोचलं का? वाचायला आवडेल.

वऱ्हाडी

पोचलं थोडंफार. कृषी सहायकांच्या शिबिरात सांगतो तो. वेगळं लिहीन त्यावर.

दप्तरी

मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. शासकीय कर्मचाऱ्यांनी कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय नोंदणी करू नये. मागाहून परवानगी मागितली तर पदवीची नोंद सेवापुस्तकात होताना अडचण येते. अध्ययन रजेची तरतूद रजा नियमांत आहे, पण ती हक्काने मिळत नाही. अर्ज करताना विषयाचा आपल्या खात्याशी संबंध दाखवला तर सोपं जातं.

माधुकरी

नोकरी करून डॉक्टरेट म्हटल्यावर मला बाबासाहेब आठवतात. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० साली परत लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तोवर पैसे संपले होते. ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, तिकडे पाठवला आणि १९२३ मध्येच पदवी मिळाली. शेवटचा टप्पा त्यांनी मुंबईतूनच पार पाडला. अंतर आड आलं नाही, पण त्याआधीचे दिवस लंडनच्या ग्रंथालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत घालवलेले होते, हेही खरं.

स्पष्टवक्ता

माधुकरी, हे वाचून मी माझा हिशेब थोडा बाजूला ठेवतो. रानजाई, करायचीच असेल तर एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कंपनीच्या बाजूने बघणारा माणूस म्हणून. ना हरकत प्रमाणपत्र मागाल तेव्हा एचआर गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवणार. कंपनीची माहिती प्रबंधात गेली की ती शोधगंगेवर जगाला दिसणार. आमच्याकडे एकाची परवानगी याच कारणाने नाकारली गेली. त्याचं उत्तर तयार ठेवूनच जा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरीच हालचाल केली, ती सांगते.

शोधगंगेवर मास्तरांनी सांगितलं तसं शोधलं. नाशिकमधल्याच एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात एक मॅडम आहेत, त्यांच्या हाताखालचे तीन प्रबंध औषधांच्या विश्लेषणावर आहेत. तिन्ही वाचले. संदर्भसूची वेगवेगळ्या आहेत! त्यांच्या एका विद्यार्थिनीला भेटले, ती एका शाळेत शिकवते. म्हणाली मॅडम कडक आहेत, पण दिलेलं प्रकरण पंधरा दिवसांत खुणा करून परत येतं. मॅडमकडे जागा आहे. पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) झाली की भेटा म्हणाल्या.

एचआरने पत्र दिलं, पण त्यात फक्त 'कंपनीची हरकत नाही' एवढीच ओळ होती. केंद्रातल्या लिपिकाने सांगितलं की हे चालणार नाही. तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक दिली जाईल. तिसऱ्या ओळीवर एचआर अडून बसलं आहे.

स्पष्टवक्ता म्हणाले तेही तसंच घडलं. कंपनीचा एकही आकडा वापरायचा नाही, असं लेखी मागितलंय. मग मी काम कशावर करू?

निवृत्त_मास्तर

रानजाई, कंपनीचा आकडा तुम्हाला लागतच नाही. दुकानात मिळणाऱ्या गोळ्या विकत घ्या, बिलं जपून ठेवा, बॅच क्रमांक आणि मुदत वहीत उतरवा. वेगवेगळ्या उत्पादकांच्या एकाच औषधाच्या गोळ्या घेतल्या की तुलनाही होते. तुमच्याच कंपनीची गोळी मात्र त्यात घेऊ नका. पद्धत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विकसित करा, कंपनीच्या यंत्रावर एकही नमुना चालवू नका, रविवारीसुद्धा नाही. मग कोणाला बोलायला जागा राहणार नाही.

नायट्रोसामाइन अब्जांशाच्या पातळीवर मोजायचं म्हणजे एलसी-एमएस-एमएस हे महागडं, अतिसूक्ष्म मोजणारं यंत्र लागणार, ते महाविद्यालयात नसेल. प्राथमिक काम एचपीएलसी या साध्या यंत्रावर करा, आणि ठरावीक नमुने बाहेर द्या. आयआयटी मुंबईच्या 'सैफ' या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात, पुणे विद्यापीठातही मध्यवर्ती उपकरण केंद्र आहे. तिथे कोणतं यंत्र आहे आणि शुल्क किती, हे आधी विचारा आणि आराखड्यातच तो खर्च लिहा. नमुने किती लागतील ते ठरल्याशिवाय आकडा कळणार नाही, म्हणून मॅडमशी पहिली चर्चा याचीच करा.

भीमाकाठची

आणि एचआरला सहा महिने रजा मागू नका, घाबरतात. कोर्सवर्कचं वेळापत्रक केंद्राकडून लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी अर्धवेळवाल्यांचे वर्ग सोयीने लावतात. नेमके किती दिवस लागणार ते कागदावर दाखवलं की तिसरी ओळ लिहायला ते तयार होतात. माझ्या बाबतीत तसंच झालं.

गोदाकाठ

रानजाई, पेटबरोबर सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचाही फॉर्म भरा. जून २०२४ पासून त्यात 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा तिसरा गट आला आहे. त्या गटाचे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. पेटच्या अभ्यासक्रमात अर्धा भाग संशोधनपद्धतीचा असतो, एमएस्सीवाले तिथेच गुण घालवतात.

चहाबाज

माझाही विषय मांडतो आता. मराठी साहित्य, कणकवलीच्या शाळेत शिक्षक आहे, मालवणी बोलीतल्या दशावतारावर करायचंय. रात्रीचे प्रयोग बघायचे, कलाकारांशी बोलायचं, म्हणजे माझी प्रयोगशाळा देवळाच्या आवारात. मुंबई विद्यापीठाकडे बघू की गोवा विद्यापीठाकडे?

मांडवीकर

चहाबाज, गोवा विद्यापीठ ताळगावला आहे, कणकवलीहून रेल्वेने करमळीला उतरा. पण मास्तरांचा मंत्र आधी: दोन्हीकडच्या मराठी विभागात लोकनाट्यावर कोणाचं काम आहे ते शोधगंगेवर बघा आणि मग ठरवा. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतील, नोंदणीची वाट न बघता ध्वनिमुद्रण सुरू करा. कलाकारांची परवानगी मात्र लेखी घेत चला.

रानजाई

मास्तर, भीमाकाठची, गोदाकाठ, वेळापत्रक मागवलं आहे आणि दोन्ही फॉर्म भरते. मॅडमना नमुन्यांबद्दल आजच मेल करते. मास्तर, तुम्हाला चालणार असेल तर आराखड्याचा कच्चा खर्डा व्यक्तिगत निरोपातून पाठवू का?

निवृत्त_मास्तर

पाठवा. दोन पानांपेक्षा मोठा नको, आणि 'हे काम आधी कोणी केलं आहे' हा भाग आधी लिहा.